श्रद्धा रविवारची, व्यवहार सोमवारचा



आठवड्याचे तास किती, असा प्रश्न चौथीच्या मुलाला घातला तर तो वहीत चोवीस गुणिले सात मांडील आणि १६८ हे उत्तर देईल. आता रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्या आपल्या गावच्या ख्रिस्ती माणसाचा हिशेब पाहा. मिस्सा साधारण एक तासाची. म्हणजे १६८ मधून एक गेला, उरले १६७. त्या एका तासात तो हात जोडतो, गुडघे टेकतो, गातो, प्रार्थना म्हणतो. त्या तासाबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या १६७ तासांचा. त्या तासांत तो मासे विकतो, पाव भाजतो, गड्यांना मजुरी देतो, भावाशी बांधावरून भांडतो, मुलीचे लग्न ठरवतो. त्या वेळी त्याची श्रद्धा कोठे असते? चर्चच्या बाकावर विसरून राहिलेली असते, की त्याच्याबरोबर बाजारात येते?

विषय ख्रिस्ती श्रद्धेचा घेतला आहे, म्हणून बाकीच्यांनी रेडिओ बंद करू नये. ‘मुखी राम, बगलेत सुरी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी काही ख्रिस्ती लोकांसाठी केलेली नव्हती. हा प्रश्न सर्वांच्याच घरचा आहे. मात्र तो एका घराच्या ओटीवर बसून नीट पाहिला, तर चांगला समजतो.

आपल्या सिंधुदुर्गात हे घर काही परके नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत ख्रिस्ती वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे. त्यांतली पुष्कळ घराणी तेरेखोलच्या पलीकडून, गोव्याकडून आलेली. सावंतवाडीचे मिलाग्रिस चर्च आणि त्याच नावाची शाळा सगळ्यांना ठाऊक आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गावात कुठे वाटेच्या वळणावर खुरीस उभा असतो. संध्याकाळी तिथे लदीन होते, मेणबत्त्या लागतात, आणि मेणबत्ती लावणारे सगळेच हात ख्रिस्ती असतात असेही नाही. भाषा एक, बाजार एक, समुद्र एक. तेव्हा शेजाऱ्याची श्रद्धा कशी आहे हे आपल्याला त्याच्या प्रार्थनेवरून कळत नाही, त्याच्या वागण्यावरून कळते. प्रार्थना तो देवाशी करतो, व्यवहार आपल्याशी करतो.

यावर आपल्याकडे एक संवाद नेहमी ऐकू येतो.

“काय रे, मिस्साक गेल्लंस?”

“गेल्लंय तर!”

“मगे शेजाऱ्याचे पैशे दिलंस?”

“ते बघूया मगे.”

हसू येते खरे. पण या ‘मगे’ शब्दातच सगळी अडचण आहे. देवाचे आज आणि माणसाचे मागाहून, अशी वाटणी आपण करून ठेवलेली असते. ख्रिस्ताने नेमकी हीच वाटणी मोडली. डोंगरावरच्या प्रवचनात तो काय सांगतो, ते माझ्या शब्दांत सांगतो. तू वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस, आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण वाहा. पाहा, ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असे इथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे ‘माझ्याकडून काही नाही हो, तोच फुगून बसला आहे’ ही पळवाटही बंद केली.

आता आपल्या जिल्ह्यातला सातबारा डोळ्यांपुढे आणा. एकेका उताऱ्यावर पंधरा-पंधरा, वीस-वीस नावे. सामाईक घर, सामाईक विहीर, काजूची बाग, आणि बांधावर नेमका मधोमध उभा असलेला फणस. त्या फणसापायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. मे महिन्यात चाकरमानी मुंबईहून येतो, नाताळात पुन्हा येतो, चर्चमध्ये दोघे भाऊ दोन टोकांना बसतात, आणि एकाच देवाला एकच प्रार्थना म्हणून दोन वाटांनी घरी जातात. त्या प्रार्थनेत ‘आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हांला कर’ या अर्थाची मागणी असते. नीट विचार केला तर ही मागणी मोठी जोखमीची आहे. भावाला क्षमा न करता ती म्हणणारा माणूस देवाकडे स्वतःविरुद्धच अर्ज देत असतो.

दुसरी गोष्ट जक्कयाची. यरीहो गावचा हा जकातदारांचा मुख्य. अंगाने ठेंगू, पैशाने मोठा. ख्रिस्त गावात आला तेव्हा गर्दीतून दिसेना, म्हणून तो झाडावर चढला. ख्रिस्ताने वर पाहिले, त्याला खाली बोलावले आणि आज तुझ्याच घरी उतरणार, असे सांगितले. लोक कुरकुरले. पण जक्कयाने काय केले? त्याने नवी प्रार्थना शिकवा म्हणून विनंती केली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो, असे तो म्हणाला. मनात झालेला बदल आधी वहीखात्यात उतरला. ख्रिस्ताने त्या घराला तारण आल्याचे सांगितले ते यानंतर.

इथे एक शंका कोणी काढील. मग चांगले वागणे हाच धर्म झाला. देव, चर्च, मिस्सा हे सारे कशाला हवे? शंका रास्त आहे, आणि जुनीही आहे. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की कृतीवाचून श्रद्धा निर्जीव आहे. पौलाच्या पत्रांत म्हटले आहे की माणूस तरतो तो आपल्या पुण्याईने नव्हे, देवाच्या कृपेने. १५१७ पासून युरोपात मार्टिन ल्यूथरच्या वेळी जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी १९९९ साली ऑग्सबर्ग येथे एकत्र बसून या विषयावरच्या निवेदनावर सह्या केल्या. त्याचा सारांश आपल्या आंब्याच्या कलमावरून समजेल. कलम जगते ते मुळांवर आणि पावसाच्या पाण्यावर. आंबे धरले म्हणून काही ते जगत नाही. पण चांगल्या मातीतले, धडधाकट कलम वर्षामागून वर्षे गेली तरी मोहोरत नसेल, तर बागायतदार मुळाशी कुदळ घालून पाहतोच. श्रद्धा हे मूळ आहे, आचरण हे फळ. मूळ जमिनीखाली असते, शेजाऱ्याला दिसत नाही. त्याच्या हाती पडते ते फळ.

आता किनाऱ्याकडे येऊ. ख्रिस्ताचे पहिले शिष्य कोण होते? पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान. चौघेही मासेमारी करणारे. गालीलचा समुद्र म्हणतात, पण ते गोड्या पाण्याचे मोठे तळे. तिथेही रात्रभर जाळी टाकून हात रिकामे येण्याचे दिवस असत. म्हणून त्याच्या दाखल्यांत जाळे येते. त्यांतला एक दाखला असा आहे की समुद्रात टाकलेले जाळे भरल्यावर लोकांनी ते काठावर ओढले, आणि मग बसून चांगले मासे टोपल्यांत घातले, वाईट फेकून दिले. मूळ ग्रीक भाषेत त्या जाळ्याला जो शब्द आहे, तो काठावरून ओढायच्या लांबलचक जाळ्याचा आहे. म्हणजे मालवणकराला तो दाखला समजावून सांगायला नको. ती आपली रापणच! दोन्ही टोकांचे दोर धरून माणसे मागे मागे सरकतात, हळूहळू जाळे जवळ येते, आणि निवडानिवड होते ती शेवटी, वाळूवर. जाळे पाण्यात असताना एका माशाने दुसऱ्याला ‘तू वाईट’ म्हणायचे कारण नाही.

रापणीचा दुसरा धडा वाटणीचा आहे. रापण एकट्याने ओढता येत नाही. होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा असे वाटे पडतात. दोर ओढताना सर्वांचा जोर एक असतो. खरी परीक्षा वाटे घालताना होते. मोठा बांगडा कोणाच्या ढिगात गेला? ज्याचा हात आज आजारपणामुळे दोराला लागला नाही, त्याच्या घरी काही पोचले का? कोणी लहान पोराने धावत येऊन दोर धरला, त्याच्या ओंजळीत काही पडले का? रविवारी वेदीवरची भाकर सर्वांना सारखी मिळते. सोमवारी वाळूवरचा वाटा सारखा मिळाला, तर त्या भाकरीचा अर्थ समजला असे म्हणावे.

तिसरा धडा आजच्या काळातला आहे, आणि थोडा कडू आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. खवळलेल्या समुद्रात माणसे दगावू नयेत हे एक कारण. आणि पुष्कळ जातींच्या माशांचा हा अंडी घालण्याचा काळ, हे दुसरे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध घातले. समुद्रात झगझगीत दिवे पेटवून मासळी गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरीही या प्रश्नावरून आपल्या किनाऱ्यावर संघर्ष झाले, ते आपण पाहिले आहेत. कायदा कागदावर असतो, आणि समुद्रावर रात्री अंधार असतो. त्या अंधारात बारीक आसाचे जाळे टाकून बोटभर पिल्ले उपसणाऱ्याला कोण पाहते? श्रद्धावंत म्हणेल, देव पाहतो. बरोबर. मग ती पिल्ले उपसताना हे आठवायला हवे. माणसे कुमसाराला जातात, शिवी दिली, खोटे बोललो, मिस्सा चुकली, हे सांगतात. पुढच्या वर्षीची मासळी आज खाल्ली, आणि तीही पलीकडच्या छोट्या होडीवाल्याच्या तोंडची, हे तिथे सांगायला हवे ना? चोरी म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे एवढेच नव्हे. ज्याचा जन्म अजून व्हायचा आहे त्याच्या ताटातले काढून घेणे, हीही चोरीच.

हे झाले उपदेशाचे. पण असे कोणी वागले आहे का? आपल्या मराठी मुलखातली काही माणसे पाहू.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही. त्यांच्या या रीतीवरून तिथल्या भगिनींशी त्यांचे मतभेद झाले. रमाबाईंचे म्हणणे असे की श्रद्धा बदलली म्हणून आपल्या देशाच्या चालीरीती का टाकाव्या? म्हणजे काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, हे त्यांना स्वच्छ कळले होते. ताट बदलले नाही, पण त्या ताटावर कोणाला बसवायचे ते बदलले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले. तिथे नुसते अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, छापखाना ही कामे बायका शिकल्या. बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी १९२२ साली निधन होईपर्यंत चालवले, आणि ते छापणारे हातही बायकांचेच होते.

दुसरे घर टिळकांचे. कवी नारायण वामन टिळक आपल्या कोकणातले, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. सोवळेओवळे पाळणाऱ्या बाई त्या. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना आठवेल, बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांच्या मनाने एक निर्णय घेतला. जातिभेद माणसांनी केले, देवाने नव्हेत; आजपासून कोणाच्याही हातचे खायचे. आणि त्या तशा वागल्या. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कित्येक लोक आधी धर्म बदलतात आणि वागणे तसेच ठेवतात. या बाईंचे वागणे आधी बदलले, नाव मागून बदलले. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा मेळावा उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या लोकांना त्यात जागा होती.

तिसरे उदाहरण तर आपल्या वेंगुर्ल्याचेच. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन येथे वैद्यकीय काम करीत. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक हॉस्पिटल या मिशनच्या कामातले. रस्ते धड नाहीत, पावसाळ्यात नद्यांना उतार नाही, अशा दिवसांत साप चावलेला, बाळंतपणात अडलेली, तापाने फणफणलेला माणूस डोलीतून न्यायचा तो कुठे, हा प्रश्न होता. अशा मुलखात दवाखाना चालवणे ही एक प्रार्थनाच. या डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे १९५७ ते १९७२ या काळात तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता; त्याच्याच कारकिर्दीत, १९६९ साली, पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळाला. नंतर १९७७ ते १९८० तो अमेरिकेचा भारतातील राजदूत म्हणून आला. त्याच मिशनचे डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेला १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि १८९७ पासून देशी डॉक्टर तयार केले. घाट चढून मिरजेला गेलेली कोकणातली माणसे काही थोडीथोडकी नव्हेत.

आता इथे एक आक्षेप सरळ मांडला पाहिजे. पुष्कळांच्या मनात असते की ही सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष. औषध द्यायचे आणि धर्म बदलायला लावायचे. हा आक्षेप आजचा नाही. रमाबाईंच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसे होती. तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ साली त्यांनी त्या मंडळाचे राजीनामे दिले. महात्मा गांधींनीही पुढे वारंवार म्हटले की सेवेच्या पोटी धर्मांतराचा हेतू असू नये. हा आक्षेप ‘द्वेषाने बोलतात’ म्हणून झटकून टाकणे ख्रिस्ती माणसाला शोभणार नाही. त्याचे उत्तर युक्तिवादाने देता येत नाही, वागण्यानेच देता येते. आणि तो नमुना ख्रिस्ताच्याच दाखल्यात आहे. वाटेत लुटून, झोडपून टाकलेला माणूस पाहून पुजारी पुढे गेला, मंदिराचा सेवक पुढे गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या जातीला यहुदी हलके समजत. त्याने जखमांना तेल लावले, आपल्या जनावरावर बसवले, धर्मशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्या जखमी माणसाने शुद्धीवर आल्यावर कोणत्या देवळात जावे, याविषयी तो एक शब्दही बोलला नाही. शेजारी म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही गोष्ट सांगितलेली आहे. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण शेजाऱ्याचा विश्वास कोणतेही कलम देत नाही. तो रोजच्या वागण्यातून कमवावा लागतो, आणि एका गैरवाजवी गोष्टीने घालवताही येतो.

चांगली उदाहरणे दिली, तशी दिव्याखालचा अंधारही दाखवला पाहिजे. ख्रिस्ताच्या वेदीपाशी जात नाही, असे म्हणतात. पण गोव्यात आणि कोकणात धर्मांतरानंतरही जात मागे राहिली नाही. ती होडीतून, पालखीतून, आजीच्या पेटीतून बरोबर आली. एकाच बाकावर बसणारी, एकाच थाळीतला प्रसाद घेणारी माणसे सोयरीक जुळवताना हळूच विचारतात, ‘ते कोणापैकी?’ लक्ष्मीबाई टिळकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जो प्रश्न मिटवला, तो कित्येक घरांत अजून जागा आहे. तीच गोष्ट हुंड्याची आणि लग्नातल्या डामडौलाची. तीच दारूची. ‘ख्रिस्ती म्हटला की बाटली आलीच’ असे जुन्या सिनेमांनी लोकांच्या डोक्यात भरवले. ते खोटे आणि अन्यायाचे आहे. दारूचे पिंप काही धर्म विचारून फुटत नाही. परंतु फेस्ताच्या संध्याकाळी ज्या घरात पोरे दाराआड लपतात आणि बाई उद्याच्या तांदळाची चिंता करीत बसते, त्या घराला हे उत्तर पुरत नाही. संताची मिरवणूक काढली खरी; पण तो संत त्या घरावरून गेला तेव्हा आत काय चालले होते?

आणखी एक गोष्ट. चांगले वागणे म्हणजे नुसते घरापुरते सरळ राहणे नव्हे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव आपण ऐकले असेल. ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे मराठी भाषांतर २०१० साली निघाले. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. पण वसईतली साधी माणसे त्यांची आठवण काढतात ती केवळ पुस्तकांमुळे नव्हे. तिथल्या बागा, विहिरी, हिरवा पट्टा बिल्डर आणि टँकरवाले गिळू लागले, तेव्हा हे धर्मगुरू लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्या लढ्यात ख्रिस्ती होते, हिंदू होते. विहिरीचे पाणी आटते तेव्हा ते सर्वांचेच आटते. आपल्याही किनाऱ्यावर पर्यटन वाढले आहे, जमिनीचे भाव वाढले आहेत. वडिलांची जागा विकताना शेजाऱ्याची पाणंद तरी राहील का, सांडपाणी कोणाच्या विहिरीत मुरेल, हे पाहणे हा रविवारच्याच प्रार्थनेचा पुढचा भाग आहे.

शिक्षकबंधुभगिनींना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. आपल्या वर्गात सावंत, परब, तांडेल, फर्नांडिस, शेख सगळे शेजारी शेजारी बसतात. नाताळात आपण तारा लावतो, गणेशोत्सवात आरास करतो, चांगले आहे. पण मुलांना ‘कोणत्या धर्मात कोणता सण’ एवढेच पाठ करून घेऊन थांबू नये. ‘तुमच्यात चालते ना रे?’ असा प्रश्न एखाद्या ख्रिस्ती पोराला सर्वांसमोर विचारू नये. त्या पोराला आपण वर्गात एकटे पाडतो. त्यापेक्षा एक लहानसा प्रयोग करावा. प्रत्येक मुलाने घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे, ‘आपल्या घराला अडचणीच्या वेळी दुसऱ्या धर्माच्या कोणी मदत केली होती?’ पुरात, आजारपणात, होडी परतली नाही त्या रात्री. उत्तरे वर्गात सांगावीत. पाठ्यपुस्तकात न सापडणारा गावाचा इतिहास त्यातून बाहेर येईल. आणि शिक्षकांनी स्वतः तास वेळेवर घ्यावा, गरिबाच्या पोराचीही वही तितक्याच काळजीने तपासावी. मुले नीतीचा धडा फळ्यावरून कमी आणि मास्तरांकडे पाहून जास्त शिकतात.

शेवटी ख्रिस्ती श्रोत्यांसाठी शुभवर्तमानातल्या एका प्रसंगाची आठवण करून देतो. पुनरुत्थानानंतर ख्रिस्त तळ्याच्या काठी उभा होता. शिष्य रात्रभर राबून काठाला आले, तेव्हा त्याने निखाऱ्यावर मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. आधी त्यांना न्याहारी दिली. मग पेत्राला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? पेत्राने दर वेळी ‘आहे’ म्हटले, आणि दर वेळी उत्तर मिळाले ते कामाचे: माझी मेंढरे सांभाळ. प्रेमाचा पुरावा म्हणून त्याने स्तोत्र मागितले नाही, राखण मागितली.

तेव्हा येत्या आठवड्यात तीनच गोष्टी करून पाहाव्या. ज्याचे पैसे देणे आहेत, त्याला ‘मगे’ न म्हणता द्यावे. आपला तराजू, आपले माप आणि आपल्या जाळ्याचा आस एकदा स्वतःच तपासावा. आणि ज्या भावाशी, जावेशी किंवा शेजाऱ्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या अंगणात जाऊन, निमित्त म्हणून चार नारळ किंवा वाटीभर सार घेऊन, दोन शब्द बोलावे. हे करायला ख्रिस्ती असण्याची अट नाही. ख्रिस्ती माणसाला मात्र ते न करण्याची सवलत नाही.